जुन्या जीन्सचा स्कर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घालवत नाही आणि टाकवतही नाही अशी एक तरी जीन्स बहुतेक घरांच्या कपाटात असतेच. तिचा स्कर्ट करण्यात मोठी सोय अशी की चेन, कंबरपट्टा, खिसे, बेल्टचे लूप ही शिवणकामातली सगळ्यात किचकट कामं कारखान्यातून आयती होऊन आलेली असतात. तुमच्या वाट्याला उरतं ते आसन, म्हणजे दोन पाय जिथे एकत्र येतात तो चेनखालचा भाग, आणि खालचा घेर. पायांची आतली शिवण उघडायची, आसन सपाट करायचं आणि पायांमधल्या फटीत पुढे-मागे कापडाचा त्रिकोण जोडायचा. आसन नीट बसलं तर तो स्कर्ट वाटतो, नाहीतर पँट कापून जोडल्यासारखा दिसतो. म्हणून इथे आसनाबद्दल पाल्हाळ आहे, बाकीचं बेताबेतानं.

कुठली जीन्स घ्यावी?

जाड, न ताणली जाणारी, सरळ पायाची. बूटकट किंवा बेलबॉटम असेल तर उत्तमच, कारण गुडघ्याखाली कापड जास्त मिळतं. स्किनी जीन्सचाही स्कर्ट होतो, पण पाय अरुंद असल्यामुळे मध्ये जोडायचा त्रिकोण भलामोठा होतो आणि शेवटी स्कर्टपेक्षा जोडच डोळ्यांत भरतो. अगदी लो-वेस्ट जीन्स शक्यतो टाळा. तिची चेन आखूड असते आणि चेनखालचं वळण एकदम तीव्र, त्यामुळे आसन सपाट करताना जीव मेटाकुटीला येतो.

नवऱ्याची किंवा भावाची जुनी जीन्स चालेल का?

चालेल, आणि कापड बरेचदा बायकांच्या जीन्सपेक्षा जाड निघतं. फक्त पुरुषांच्या जीन्समध्ये कंबर आणि बैठक (नितंबांचा घेर) यांच्या मापात फरक कमी असतो. बैठकीला बसणारी घेतलीत तर कंबरेत सैल पडते. मग मागच्या मधल्या शिवणीवर कंबरपट्टा थोडा उसवून तिथून आत घ्यावं लागतं. हे काम त्रिकोण जोडायच्या आधी उरका, नंतर मशीनखाली सगळा पसारा वागवत बसावं लागतं.

मांड्यांपाशी विरली आहे. उपयोग होईल?

हीच तर सगळ्यात योग्य. चालताना मांड्या एकमेकींना घासतात, त्यामुळे बऱ्याच जीन्स आधी तिथेच जातात; बाकी कापड ठणठणीत असतं. स्कर्ट करताना नेमकी तीच आतली शिवण उघडायची असते. विरलेला भाग कापून तरी जातो किंवा वर चढवलेल्या कापडाखाली झाकला तरी जातो. खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा. विरलेली जागा आसनाच्या टोकापासून तीन-चार इंचांत संपत असेल तर निर्धास्त कापा. मागच्या खिशांखाली, बसायच्या जागी जाळी झाली असेल, तर त्या जीन्सच्या पिशव्या शिवलेल्या बऱ्या.

कंबरेला बसत नाही. स्कर्ट केला तर बसेल का?

नाही. कंबर आहे तेवढीच राहते. मांड्यांना घट्ट होत असेल आणि कंबरेला व्यवस्थित लागत असेल, तर मात्र स्कर्ट झकास होतो.

स्ट्रेच जीन्सचं काय?

लेबलवर इलास्टेन, स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा एखाद-दोन टक्के लिहिलेलं असेल तर चालवून घेता येतं. शिवताना कापड ओढू नका, नाहीतर टिपेच्या कडेला लाटा उठतात आणि त्या इस्त्रीनेही पुरत्या बसत नाहीत. जेगिंगच्या, म्हणजे जीन्ससारख्या दिसणाऱ्या लेगिंगच्या नादी लागू नका.

काय काय सामान लागेल?

सीम रिपर (शिवण उसवायचं छोटं अवजार), धारदार कात्री, टेप, खडू, भरपूर टाचण्या, १६ आणि १८ नंबरच्या सुया, आणि जीन्सचा जाड दोरा. पुण्यात बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. बाकी गावांत शिवणसामानाच्या दुकानात ‘जीन्सचा दोरा’ म्हटलं की पिवळट-तपकिरी रीळ काढून देतात. रंग मूळ टिपेशी तंतोतंत जुळवायचा हट्ट धरू नका. जुन्या जीन्सवरचा दोरा धुऊन धुऊन फिकट झालेला असतो, म्हणून नवीन दोरा एक छटा फिकाच घ्या. जाड दोरा फक्त वरून लावा, बॉबिनमध्ये साधाच.

सीम रिपरऐवजी अर्धं ब्लेड वापरणारे मास्तर तुम्ही पाहिले असतील. त्यांचा हात बसलेला असतो. आपण सीम रिपरच घ्यावा, चहा-वड्याच्या पैशात येतो.

घरच्या मशीनवर जीन्स शिवली जाते का? सुई तुटते म्हणतात.

शिवली जाते. आजीच्या वेळची काळी, पायाने चालवायची मशीन घरात असेल तर तुम्ही नशीबवान. तिला सरळ टिपेपलीकडे काही येत नाही, पण जीन्सच्या चार थरांतून ती कुरकुर न करता जाते. हलक्या प्लॅस्टिकच्या मशीनला सांभाळून घ्यावं लागतं. सुई १६ नंबरची, जाड जोडांवर १८. टाका मोठा ठेवा, ३ ते ३.५ मिलिमीटर, वरून दिसणाऱ्या टिपेला ४ सुद्धा चालतो. बारीक टाक्याने जाड कापड गोळा होतं.

सुई तुटते ती बहुधा दोन जागी. एक, जिथे शिवणीवर शिवण येते तिथे. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय त्या उंचवट्यावर चढताना मागे कलतो, टाके सुटतात आणि सुई वाकते. पायाच्या मागच्या बाजूला जीन्सचाच एक तुकडा दुमडून सरकवा, म्हणजे पाय सपाट राहतो, आणि तेवढा इंचभर भाग चाक हाताने फिरवत पार करा. शिवायच्या आधी त्या जोडावर जुना टॉवेल ठेवून हातोडीने चार ठोके दिले तर थर चेपतात. शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळून द्या.

दुसरी जागा रिव्हेटची, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवरच्या धातूच्या टिकलीची. खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून तांब्याच्या रिव्हेटा ठोकायची कल्पना जेकब डेव्हिस या शिंप्याची. त्याने आणि लीव्हाय स्ट्रॉसने मिळून २० मे १८७३ रोजी अमेरिकेत तिचं पेटंट मिळवलं. ही रिव्हेट घरच्या सुईला दाद देत नाही. तिच्या पाव इंच अलीकडेच थांबा.

एका जीन्समध्ये स्कर्ट होतो की दोन लागतात?

गुडघ्यापर्यंतचा एकीत होतो. हिशेब बघा. जीन्सची पूर्ण उंची साधारण ४० इंच धरू. कंबरेपासून २४ इंचांचा स्कर्ट हवा असेल, तर दुमडीचा एक इंच धरून २५ वर कापायचं. प्रत्येक पायाचा १५ इंचांचा तुकडा खाली उरतो. कंबरपट्ट्यापासून आसनाच्या टोकापर्यंत १० इंच गेले तर पुढचा त्रिकोण १४-१५ इंच उंच लागतो. म्हणजे एका पायातून पुढचा, दुसऱ्यातून मागचा. उरलेला तुकडा एका शिवणीवर उघडून सपाट केला की रुंदी पुरेशी मिळते. हा हिशेब काठावरचा आहे, त्यामुळे तुमच्या जीन्सची मापं स्वतः घ्या आणि मगच कात्री चालवा.

घोट्यापर्यंतचा लांब स्कर्ट हवा असेल तर दुसरी जीन्स लागतेच, कारण पहिलीचे पाय पूर्ण वापरले जातात. दुसरी ठळक वेगळ्या छटेची असेल तर अगदीच बरं. जवळजवळ सारखी पण किंचित वेगळी छटा चुकून झाल्यासारखी दिसते; ठळक वेगळी असली की मुद्दाम केल्यासारखी.

आतली शिवण उसवू की सरळ कापून काढू?

कापड मुबलक असेल तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना लागून कापा आणि ती जाड पट्टी फेकून द्या. दहा मिनिटांचं काम. पण उसवण्यात एक फायदा आहे: शिवणीची मूळ घडी कडेला तशीच राहते आणि त्रिकोणावर बसवताना ती आयती दुमडलेली कड मिळते.

उसवण्याआधी शिवण आतून नीट बघा. बऱ्याच जीन्सवर साखळी टाका असतो. बाहेरून साधी टीप, आतून एकात एक गुंतलेले फासे. असा टाका एकेक कापत बसायचं नसतं. शिवण जिथे संपते त्या टोकाला एक-दोन फासे सोडवा आणि दोरा ओढा. बरोबर टोक सापडलं तर सगळी रांग सरसर सुटत जाते. अडली, तर दुसऱ्या टोकाकडून करून बघा. दोन समांतर टिपा असतील तर दोन्हींना हाच न्याय.

आसनाचं नेमकं काय करायचं? पुढे चोच का येते?

आतली शिवण या मोहरीपासून (पायाच्या खालच्या तोंडापासून) त्या मोहरीपर्यंत उघडली की जीन्स टेबलावर सपाट पसरा, पुढची बाजू वर. चेनखाली कापड टेबलाला टेकत नाही, एक टोक पक्ष्याच्या चोचीसारखं वर उठून राहतं. पँटचं आसन दोन पायांमधून पुढून मागे जातं, म्हणून तिथलं कापड गोलाईत कापलेलं असतं. स्कर्टमध्ये पायांमधून जायला काही नसतं आणि ती गोलाई अनाठायी उरते. चोच दाबून, इस्त्री करून किंवा वरून टीप मारून जात नाही. उसवावंच लागतं.

आधी पुढची बाजू. चेन संपते तिथे दोऱ्याचा एक जाड, दाट टाका असतो. त्याला हात लावू नका, चेनचा सगळा ताण त्याच्यावर असतो. आसनाच्या टोकापासून वर उसवत या आणि त्या टाक्याच्या साधारण एक इंच खाली थांबा. आता दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. मूळ शिवणीत जी बाजू वर होती तीच वर ठेवा आणि तिला हळूच दुसरीवर सरकू द्या. ओढायचं नाही, कापड आपोआप जिथे सपाट पडेल तिथेच पडू द्यायचं. गोलाईचं टोक समोरच्या पायावर दीड-दोन इंच चढेल, ते अपेक्षितच आहे. टाचण्या लावा. वरच्या कडेची मूळ घडी आत दुमडून, जुन्या टिपेच्या खुणांवरूनच नवीन टीप न्या. आतलं जादा कापड टीप पक्की झाल्यावरच कापा.

मग मागची. इथे वळण जास्त खोल असतं, त्यामुळे जास्त उसवावं लागतं. मागच्या खिशांच्या खालच्या टोकांच्या रेषेपर्यंत जा आणि पसरून बघा. फुगा राहत असेल तर अर्धा-अर्धा इंच वर सरका. काही जीन्समध्ये खिशांच्या मध्यापर्यंत जावं लागतं. पुढच्यासारखंच एकावर एक चढवा. मात्र मागची बाजू कागदासारखी सपाट करायच्या मागे लागू नका. तिथे आपल्याला बसायचं असतं आणि थोडी गोलाई शरीराला लागते. सगळीकडे टाचण्या लावून स्कर्ट अंगात घाला, आरशात पाठ बघा, खुर्चीत जपून बसून बघा. बसल्यावर ताण येत असेल तर चढवलेलं कापड थोडं कमी करा. पूर्ण कृतीतली ही तपासणी सोडू नका, बाकी कशातही हयगय चालेल.

मधला त्रिकोण कसा बसवायचा?

आसन शिवून झालं की स्कर्ट परत पसरा आणि दोन पायांमधली फट हवी तेवढी उघडा. फटीखाली त्रिकोणाचं कापड सरकवा. सगळीकडून एक इंच जास्त ठेवा, वरच्या टोकाला दोन. पायांच्या कडा त्याच्यावर बसवून टाचण्या लावा आणि वरून दोन समांतर टिपा मारा. दोन्ही बाजू वरून खालीच शिवत या. एक वरून आणि एक खालून शिवली तर त्रिकोण पिळवटतो.

कापडाचे उभे धागे उभेच राहू द्या. त्रिकोण वरचा खाली केला तर चालतं, जीन्सच्या तिरप्या रेघांची दिशा त्याने बदलत नाही. उलटी बाजू वर आली तरच बदलते. त्यामुळे पायाचा रुंद भाग त्रिकोणाच्या तळाला घेऊन कापडाची बचत करता येते.

त्रिकोण खणाचा किंवा इरकलीचा लावला तर?

छान दिसतो, विशेषतः काळ्या किंवा गडद निळ्या जीन्सला. पण जीन्स जड आणि हे कापड हलकं, त्यामुळे त्रिकोण पोटाशी ओढला जाऊन चुण्या पडतात. आतून सुती अस्तर लावा किंवा फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा. कापड आधी धुऊन वाळवून घ्या; सुती असेल तर आटतं, आणि लाल-हिरवे रंग पहिल्या धुण्यात जातात ते आधीच जाऊ देत. कडा इंटरलॉक करा, खण फार सुटतो.

पैठणीचा काठ मात्र जीन्सला लावू नये असं माझं स्पष्ट मत. जरीची तार घासली जाते, जीन्स बादलीत घालायची असते आणि पैठणी नाही, त्यामुळे स्कर्ट कसाही धुतला तरी दोघांतल्या एकीवर अन्याय होतो.

घेर किती ठेवावा?

गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टला खालचा घेर ४४-४६ इंच असला की पाऊल मोकळं पडतं. घोट्यापर्यंतच्याला किमान ६० इंच तरी हवेत, नाहीतर जिन्यावर अडकायला होतं. तेवढं कापड नसेल तर मागे त्रिकोण लावूच नका. दोन्ही पाय गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत एकमेकांना जोडा आणि खाली चीर सोडा. चिरेच्या वरच्या टोकाला आडवा जाड टाका घाला, पहिला ताण तिथेच येतो. रोज स्कूटर चालवणारीने चिरेपेक्षा घेरच निवडावा.

खालची कड दुमडू की झालर सोडू?

घाई करू नका, आधी स्कर्ट रात्रभर हँगरला लटकवा. पाय फाकवल्यामुळे आतल्या बाजूचं कापड किंचित तिरपं पडतं आणि ते लोंबून खाली येतं. सकाळी जमिनीपासून माप घेऊन कड सरळ करा.

दुमडायची असेल तर अर्धा-अर्धा इंच दोनदा. झालर हवी असेल तर कडेपासून पाऊण इंच वर एक बारीक टीप मारा, मग आडवे पांढरे धागे सुईने ओढून काढा. उभे निळे धागे मोकळे लोंबत राहतात. टिपेच्या वर उसवण जात नाही. पहिल्या धुण्यानंतर गुंते होतात, ते कात्रीने नीट करा.

उसवलेल्या जागी गडद निळे पट्टे दिसतात. ते कसे काढायचे?

जीन्सचा इंडिगो धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरच्या थरावर बसतो. वापरून आणि धुऊन तो थर झिजतो आणि आतलं पांढरं दिसू लागतं. शिवणीच्या घडीत लपलेल्या कापडाला ना ऊन लागलं ना ब्रश, म्हणून तिथे नव्या जीन्सचा रंग तसाच राहतो. घडीच्या अगदी कडेला उलट एक पांढरी रेघ असते, कारण तिथे सगळ्यात जास्त घासलं गेलेलं असतं. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला तर गडद पट्टा थोडा निवळतो. माझ्या मते राहू द्यावा. जुन्या जीन्सचा स्कर्ट आहे हे लपवायचं कारण काय?

मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो का?

इंडिगोच्या बाबतीत नाही. सुटायचा तो रंग सुटतोच. गडद जीन्स वापरली असेल तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, कपडा उलटा करून.

मुलीची जीन्स आखूड झाली आहे. तिचाही असाच करायचा?

लहान मुलींसाठी सोपी रीत वेगळी आहे, तिथे आसनाच्या भानगडीत पडायला नको. चेनच्या टोकाखाली एक-दीड इंचावर जीन्स आडवी कापा, वरचा भाग ठेवा आणि त्याला परकरासारखा चुण्यांचा घेर जोडा. जुन्या सुती साडीचं किंवा ओढणीचं कापड याला फार चांगलं. कापलेल्या कडेच्या मापाच्या दुप्पट कापड घ्या, जाड असेल तर दीडपट पुरे. मागचे खिसे खाली येत असतील तर आधी ते उसवून थोडे वर लावा, आणि पुढच्या खिशांची आतली पिशवी कात्रीत सापडू देऊ नका. ती वर उचलून टाचून ठेवा.

पावसाळ्यात घालता येईल का?

गुडघ्यापर्यंतचा येईल. लांब स्कर्टची खालची कड रस्त्यावरचं पाणी शोषून वर चढवते, आणि मुंबई-कोकणातल्या जुलैत तो दोन दिवस दोरीवरून हलत नाही. वाळत घालताना खिसे बाहेर काढून कंबरेकडून लटकवा, कंबरपट्टा आणि खिसे सगळ्यात शेवटी वाळतात.

ही फॅशन नवीन आहे का?

मुळीच नाही. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतले हिप्पी जुन्या जीन्सची आतली शिवण उसवून, मध्ये फुलाफुलांच्या कापडाचा त्रिकोण घालून असेच लांब स्कर्ट करत. दर काही वर्षांनी दुकानांत तेच परत येतं, किंमत तेवढी वाढलेली असते.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी होईल?

मशीनवर होईल. हाताने धावदोरा घालायचा विचार असेल तर बोटांची दया करा, जीन्सच्या घट्ट विणीतून सुई निघता निघत नाही. सुटे खिसे भिंतीवर अडकवायला किंवा मशीनच्या सामानाला कामी येतात.

मशीन येत नाही. टेलरकडे दिला तर?

द्या, पण नुसतं “याचा स्कर्ट करून द्या” म्हणू नका. अल्टरेशनच्या गर्दीत पाय कापून आतली शिवण सरळ जोडून मिळते आणि चोच जशीच्या तशी राहते. आसनाला टाचण्या लावून, अंगात घालून बघून मग न्या आणि दाखवा: “मास्तर, चेनखाली मी उसवलंय, हे असंच एकावर एक चढवून वरून डबल टीप मारा. इथे फुगा नको.” दोऱ्याचा रंगही तिथेच ठरवा, नाहीतर मशीनवर जे रीळ चढलेलं असेल तेच वापरलं जातं. उसवायचं सगळं काम घरी करून नेलंत तर मजुरी कमी पडते, आणि जीन्स बघून मास्तरांनी “आठ दिवसांनी या” म्हणायची शक्यताही.